दहा बाय बाराचं दुकान

दोस्तहो, धंद्याची गोष्ट निघाली की आपल्या बैठकांत भांडवलावर बोललं जातं. कर्ज, महामंडळ, बचत गट, सबसिडी. सगळं खरं आहे. पण दुकानाला आधी जागा लागते, जागेला कागद लागतो, आणि तो कागद आपल्या वस्तीपर्यंत का पोचत नाही यावर कुणी बोलत नाही. म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, इंजिनेर नाही. दहा फूट बाय बारा फुटाच्या किराणा दुकानाचा मालक आहे. एवढ्याच अधिकाराने बोलणार.

आमचं गाव कर्जत तालुक्यात. कर्जत स्टेशनला उतरायचं, मिनीडोअर पकडायची, उतरून चालत जायचं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव घातलं की प्रश्न एका गावाचा होतो, आणि बाकीची गावं अंग झटकून मोकळी होतात. तुम्ही कुठल्याही गावाचा नकाशा डोळ्यांपुढे आणा. मधे देऊळ, देवळाजवळ ग्रामपंचायत, पंचायतीपासून रस्ता, रस्त्याला दुकानं. मग ओढा. ओढ्याच्या पल्याड बौद्धवाडा.

सरकारी नकाशात गावठाणाची रेषा ओढ्यापाशीच संपते. जुन्या लोकांनी जी शीव मानली तीच मोजणीदाराने शाईने काढली. ओढ्याच्या अल्याडचा माणूस गावठाणात राहतो. पल्याडचा सर्वे नंबरात. हा फरक घरात झोपणाऱ्याला जाणवत नाही. पावसाचं पाणी दोन्हीकडे सारखंच शिरतं. दुकान काढायला गेलं की जाणवतो.

२०१९ साली घराच्या पडवीत दुकान काढायचं ठरवलं. कारखान्यातलं कंत्राटी काम सुटलं होतं. मित्र म्हणाले, आधी कागद कर. म्हणून ग्रामपंचायतीत गेलो.

"भाऊसाहेब, पडवीत दुकान काढतोय. दाखला पायजे."

"घर कुठल्या जागेवर हाय तुमचं?"

"आमच्याच जागेवर."

"तसं नाय विचारत. गावठाणात हाय का सर्वे नंबरात?"

"सर्वे नंबरात."

"मग बिनशेती झालीय का?"

आता आली का पंचाईत? नमुना ८ ला आमचं घर आहे. घरपट्टी बाबा भरायचे, आता मी भरतो. पावत्या पिशवीत जपून ठेवल्यात. घरपट्टी घेताना पंचायतीला सर्वे नंबर आडवा येत नाही. दाखला देताना येतो. भाऊसाहेब तोंडाने वाईट माणूस नव्हता. चहा पाजला. म्हणाला, सातबारा घेऊन या.

सातबाऱ्यावर आज्याचं नाव, त्याखाली अकरा वारस. आणि वर लिहिलेलं, भोगवटादार वर्ग २. ही दोन अक्षरं नि एक आकडा म्हणजे आपला सगळा इतिहास आहे, दोस्तहो. ही जमीन महार वतनाची. गावाचा सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी साहेबाच्या घोड्यापुढं धावायचं, आणि त्याबद्दल हा तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं ते याच बेड्या तोडण्यासाठी. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा झाला १९५८ ला, अंमलात आला १ ऑगस्ट १९५९ ला. चाकरी गेली. जमीन परत मिळाली ती नव्या शर्तीवर. म्हणजे काय, तर जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय विकायची नाही, वापर बदलायचा तर परवानगी नि नजराणा. वतन गेलं पण नजराणा राहिला! शब्दसुद्धा बदलला नाही.

शर्तीमागचा हेतू वाईट नव्हता. सावकाराने दारू पाजून अंगठा घेऊ नये म्हणून ती होती. पण अंगठा घेणाऱ्यांना परवानग्या मिळतात. मुंबईच्या माणसांची फार्महाऊसं आमच्या तालुक्यात बघा, किती उगवली. आमच्याच पडवीला शर्त आडवी येते.

तलाठी म्हणाला, अकरा वारसांची संमती आणा. एक आत्या कुर्ल्याला, एक चुलते विक्रोळीला, दोन भावंडं वरळीच्या चाळीत. एक चुलता तीस वर्षांमागं गोदीत कामाला गेला तो परत आलाच नाही. त्याची सही कुठून आणू? मेल्याचा दाखला नाही, जित्याचा पत्ता नाही. आई म्हणाली, "त्याचं नाव निघूदे तरी कशाला? कागदावर तरी हाय ना तो." तिच्यापुढं काय बोलणार.

तेव्हा मी नियम वाचायला घेतले. रात्री वस्तीतल्या समाजमंदिरात बसून, कॉलेजातल्या एका पोराला घेऊन. वाचले म्हणून सांगतो, इमारतीचे नियम मुळात शहाणपणाचे आहेत. आपण त्यांना शिव्या घालू नयेत. राष्ट्रीय इमारत संहिता सांगते की जोतं आजूबाजूच्या जमिनीपासून किमान ४५ सेंटिमीटर वर हवं. आमची पडवी वीतभर उंच. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने कर्जतपासून कल्याणपर्यंत काय केलं ते आम्ही पाहिलंय. तांदळाची पोती भिजली की दुकानदार बुडाला. म्हणून आम्ही दीड फूट भराव घालून जोतं वर घेतलं. दीड फूट म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर. कुणी तपासायला आलं नाही. आम्हीच मोजलं.

हवेला खिडकी हवी, पाण्याला उतार हवा, बाहेर पडायची वाट सामानाने अडवू नये, आगीची वस्तू वेगळी ठेवावी. बरोबरच आहे. सार्वजनिक इमारतीत अपंगांसाठी उतार करायचा तर एकास बारा. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. दीड फुटाला अठरा फूट. आमचं अंगण सहा फूट. पण शेजारच्या काकांचा पाय कारखान्यात गेलाय, ते कुबडीवर चालतात. त्यांच्यासाठी पायरीच्या कडेने भिंतीलगत लांबडा उतार काढला. एकास बारा झाला नाही, पण काका स्वतःच्या पायाने, म्हणजे कुबडीने, आत येतात. माझ्या छोट्या दुकानाला तो नियम लागू नसेल, पण माणूस समोर होता.

तर नियमांशी भांडण नाही. भांडण त्याच्या पहिल्या पानाशी आहे. पहिल्या पानावर म्हटलेलं असतं, अर्जासोबत मालकीचा पुरावा जोडा. पुढची सगळी पानं त्या पुराव्यानंतर सुरू होतात. शासनाने २०२० च्या डिसेंबरात जवळजवळ सगळ्या राज्याला एक बांधकाम नियमावली लावली. तीत १५० चौरस मीटरपर्यंतचा भूखंड कमी धोक्याचा धरून त्याच्या परवानगीची वाट सोपी केली. चांगलं केलं. माझं दुकान ११ चौरस मीटर! पण सोपी वाट ज्याच्याकडे निर्वेध सातबारा आहे त्याला. अकरा वारसांच्या वर्ग २ ला सोपं काय नि अवघड काय?

नियमावली एक झाली तरी मालक एक नाही. माथेरान आमच्याच तालुक्यात. ४ फेब्रुवारी २००३ ला माथेरान नि त्याच्या पायथ्याचा पट्टा पर्यावरणसंवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. तिथं वेगळे निर्बंध. २०१३ ला नैना आलं तेव्हा कर्जत-खालापूरची गावं त्यात घातली. काही भाग मुंबई महानगर प्रदेशात. कुठे नगरपरिषद, कुठे नगरपंचायत, बाकी ग्रामपंचायत. डोंगराच्या या अंगाच्या माणसाने एका साहेबाकडे जायचं, त्या अंगाच्याने दुसऱ्याकडे. ठाकूरवाडीतल्या, कातकरवाडीतल्या माणसाला विचारा, तुझा साहेब कोण? तो म्हणेल, फॉरेस्टवाला.

दुकान-आस्थापना कायद्याचं मात्र सोपं निघालं. १९४८ चा जुना कायदा जाऊन २०१७ चा नवा आला होता. त्यात तेव्हा दहापेक्षा कमी कामगार असले तर नोंदणीऐवजी नुसती सूचना द्यायची होती, पोच मिळायची. आमच्यात कामगार म्हणजे मी नि आई. पोच मिळाली, ती काच घालून भिंतीला लावली, बाबासाहेबांच्या फोटोखाली. पण ध्यानात ठेवा, ती पोच कामगार कायद्याची. जागा कायदेशीर असल्याचा तो पुरावा नाही. पुष्कळ पोरं ती पोच घेऊन बँकेत जातात नि हात हलवत परत येतात.

दाखल्याचं काय झालं? मी लेखी अर्ज दिला, पोच घेतली, आणि तोंडी नाही ऐकून घेतलं नाही. "नाही म्हणायचं तर कारण लिहून द्या," म्हटलं. लिहून कुणी दिलं नाही. नाही पण आलं नाही, हो पण आलं नाही. मी दुकान उघडलं.

आता मूळ गोष्टीकडं येतो. संविधानात दुकानाचा शब्द आहे, हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? अनुच्छेद १५, दुसरं कलम. दुकानं, उपाहारगृहं, हॉटेलं, विहिरी, तलाव, घाट, रस्ते. धर्म, जात, लिंग बघून तिथं कुणाला अडवता येणार नाही. २९ नोव्हेंबर १९४८ ला घटनासमितीत यावर चर्चा झाली. दुकान म्हणजे नेमकं काय, न्हाव्याचं, धोब्याचं त्यात येतं का, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी खुलासा केला की दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतलाय, जो कुणी पैसे घेऊन सेवा द्यायला बसलाय त्याची जागा म्हणजे दुकान. त्याच दिवशी अस्पृश्यता नष्ट करणारं कलमही मंजूर झालं. ज्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, १९२७ ला महाडला पाण्याला हात लावला, तिथल्या माणसाला हा शब्द किती महागाचा आहे ते कळतं.

पण बघा, या कलमाने आपल्याला दुसऱ्याच्या दुकानात जायचा हक्क दिला. फळीच्या अलीकडचा हक्क. फळीच्या पलीकडे, गल्ल्यावर बसायचं तर? धंदा करायचा हक्क अनुच्छेद १९ ने दिलाच आहे, १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यात धंद्याला आडकाठी करणं हा गुन्हाही आहे. तरी गिऱ्हाइकाने आपल्याच दुकानात यावं असा कायदा नाही, आणि तसा असूही नये. मग गावातलं गिऱ्हाईक ओढा ओलांडेल का?

ओलांडलं, पण कसं ते सांगतो. बिस्किटाचा पुडा, साबण, शाम्पूची पुडी, मोबाईलचं रिचार्ज याला लोक यायचे. बंद पाकिटाला विटाळ नसतो! कंपनीने चिकटवलेलं असतं ना. सुटा गूळ, सुटं तेल, पावशेर रवा, दळलेलं तिखट, याला कुणी येत नव्हतं. कुणी वाईट बोललं नाही. नुसतं "पलीकडनं आणतो" म्हणायचे. खरं गिऱ्हाईक म्हणजे वाडीवरचे ठाकूर, कातकरी. वीटभट्टीवरनं पावसाळ्याच्या तोंडावर परत आलेली माणसं. त्यांना वहीतला आकडा मी मोठ्याने वाचून दाखवायचो. ते म्हणायचे, "दादा, आधीचा शेठ कधी वाचून नाय दाखवायचा." त्या वाक्यावर माझं दुकान उभं आहे.

मग २०२० चा मार्च आला. लोकल बंद, मिनीडोअर बंद, कर्जतचा बाजार दुपारी बंद. गावातल्या दुकानातला माल संपला. माझ्याकडं भात होता, वाडीतल्या माणसांनी दिलेली नाचणी होती, आणि गुळाच्या चार ढेपा. तेव्हा ओढा ओलांडून सगळे आले. सुटा गूळ नेला, सुटं तेल नेलं. देवळाच्या बाजूची म्हातारी आली, तोंडाला पदर बांधून, नि म्हणाली, "पोरा, पीठ हाय का रं?" मी दिलं. भुकेला जात नसते असं आपण भाषणात म्हणतो. असते, फक्त ती थोडे दिवस घरी राहते. लोकल सुरू झाली, बाजार उघडला, आणि गूळ पुन्हा पलीकडनं यायला लागला. सगळ्यांचा नाही. ती म्हातारी अजून येते. तिच्या नातवाला लाज वाटते, तो रस्त्यावर उभा राहतो.

तेवढ्यानेही कुणाच्या तरी गल्ल्यावर परिणाम झाला असणार. २०२१ साली पंचायतीची नोटीस आली. ग्रामपंचायत कायदा १९५८, कलम ५३. माझ्या दुकानाची पायरी गटारावर फूटभर पुढं आलीय, ते अतिक्रमण, सात दिवसांत काढा. आणि कलम ५२, बांधकामाला पंचायतीची परवानगी नाही.

पायरी पुढं होती. खोटं कशाला बोलू? पण गावातल्या रस्त्याने सकाळी टेप घेऊन चालत गेलो. पोरगा बरोबर, वही बरोबर. प्रत्येक दुकानाची पायरी, ओटा, पत्र्याची पडवी, गटारावरची लादी मोजली. फूटभर, दोन फूट, कुठे पूर्ण चार फूट. लोक विचारत होते, "काय मोजतोस रं?" मी म्हटलं, "कलम ५३ मोजतोय." मग दहा रुपयांचा स्टॅम्प लावून माहितीचा अधिकार टाकला. तीन प्रश्न. पंचायत हद्दीत किती दुकानांना बांधकाम परवानगी आहे, प्रती द्या. कलम ५३ खाली गेल्या पाच वर्षांत किती नोटिसा दिल्या. त्या कुणाला. उत्तर आलं. परवानगीच्या प्रती अभिलेखात आढळून येत नाहीत. नोटिसा एकूण एक. ती मला.

हे उत्तर मी ग्रामसभेत वाचलं. आवाज चढवला नाही. एवढंच म्हटलं, माझी पायरी उद्या काढतो, पण टेप देवळापासून लावा नि ओढ्यापर्यंत आणा, एका दिवसात, सगळ्यांसमोर. सभा गप्प. मग कुणीतरी म्हणालं, विषय पुढच्या सभेला घ्या. पुढच्या सभेला तो विषय आलाच नाही. पायरी मी तरी मागे घेतली. आत कापून दोन पायऱ्या केल्या. गटार सगळ्यांचं आहे, आणि पुढच्या वेळी टेप लागली तर पहिलं माप माझं सरळ यायला हवं.

खालापूरचं सांगतो, म्हणजे हे माझ्या एकट्याचं नाही ते कळेल. माझा एक मित्र जुन्या मुंबई-पुणे रस्त्याला पंक्चरची टपरी चालवतो. द्रुतगती मार्ग २००२ ला पुरा झाला नि गाड्या वरनं जायला लागल्या. जुन्या रस्त्यावरचे धाबे, वडापावच्या गाड्या निम्म्या झाल्या. हा टिकला, कारण पंक्चर कुठंही होतं. राष्ट्रीय महामार्गाच्या मध्यापासून ४० मीटरच्या आत बांधकाम नको, ७५ मीटरपर्यंत नियंत्रण, असा नियम. अपघाताचा विचार केला तर योग्य आहे. पण चाळीस मीटर मागं त्याची जमीन कुठंय? मागं दुसऱ्याचं कुंपण. रस्त्याची कड सोडून त्याला उभं राहायला जगात जागा नाही. फेरीवाल्यांना संरक्षण देणारा कायदा २०१४ ला झाला, पण तो शहरांना. खोपोली नगरपरिषदेच्या हद्दीत तो फेरीवाला, हद्दीचा दगड ओलांडला की अतिक्रमण. माणूस तोच, पंप तोच, ट्यूब तीच.

आणि आमच्या वस्तीची मागची ओळ गायरानावर आहे. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ ला भूमिहीनांचे सत्याग्रह केले, माणसं तुरुंगात गेली, ते याच जमिनीसाठी. पुढं शासनाने निर्णय काढले. २०१८ चा निर्णय सांगतो, ग्रामीण भागात सरकारी जागेवर १ जानेवारी २०११ च्या आधीचं राहतं घर असेल तर ते नियमित करता येईल. राहतं घर. वाचा नीट. गरीबाने झोपावं हे सरकारला मान्य आहे. त्याने त्याच घराच्या खिडकीतून चार पुडे विकावेत, गिऱ्हाईक करावं, याला त्या निर्णयात जागा नाही. आपल्या माणसाकडं मजूर म्हणूनच बघायची सवय किती खोल गेलीय बघा. मजुराला झोपडी लागते. दुकान लागतं ते मालकाला.

बाबासाहेबांनी १९४७ ला घटनासमितीसाठी जे निवेदन लिहिलं, त्यात दोन मागण्या शेजारी शेजारी आहेत. अस्पृश्यांच्या स्वतंत्र वसाहती, आणि सामाजिक बहिष्काराला शिक्षा. जमीन भाड्याने न देणं, व्यवहार न करणं, हे त्यांनी बहिष्कारात धरलं होतं. महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो २०१६ चा, लागू झाला २०१७ ला. आमच्या रायगडात गावकीने वाळीत टाकल्याच्या किती तक्रारी झाल्या ते तुम्ही पेपरात वाचलंय. पण आता बहिष्कार दवंडी पिटून होत नाही. तो "कागद अपुरे" असं लिहून होतो. नियमात जातीचा एक शब्द नाही, आणि तरी तो ओढ्याच्या एकाच बाजूला लागू होतो.

म्हणून तरुण कार्यकर्त्यांना सांगणं आहे. मोर्चे काढा, मीही येईन. पण प्रत्येक वस्तीत दोन पोरांनी एवढं काम करा. वस्तीतल्या प्रत्येक घराचा नमुना ८ नि सातबारा काढा. वर्ग २ कुठे, गायरान कुठे, गावठाण कुठे, हे एका कागदावर रंगाने दाखवा. वारसनोंदी आज करा, माणसं जिवंत आहेत तोवर. गावठाण वाढवायचा ठराव ग्रामसभेत मांडा. जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ ने गावठाणाची हद्द ठरवायचा अधिकार जिल्हाधिकाऱ्याला आहे, म्हणजे ती रेषा देवाने काढलेली नाही. तोंडी नकार घेऊ नका. अर्जाची पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आणि आपलं जोतं, आपली खिडकी, आपली पायरी नियमाप्रमाणे ठेवा, कुणी तपासायला येवो न येवो.

पन्नास रुपयाला टेप मिळते. आमच्या दुकानात ठेवलीय. कुणाला मोजायला लागली तर घेऊन जा, उधारीत लिहिणार नाही. परत आणून द्या म्हणजे झालं, ओढ्याच्या पलीकडचं मोजायचं अजून पुष्कळ राहिलंय.